लग्ननियोजनाच्या मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची तयारी दाखवणाऱ्या मालिका काहीजण करमणूक म्हणून पाहतात, तर काहीजण वही-पेन घेऊन. हे पान वहीवाल्यांसाठी आहे, आणि स्वतःच्या लग्नात अशा मालिकेचे कॅमेरे बोलावण्याचा विचार करणाऱ्यांसाठीही. या मालिकांत सजावट भरभरून दिसते. पण लग्न उभं राहतं वेळापत्रकावर, आणि वेळापत्रक कॅमेऱ्यात येत नाही. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीपाशीच येऊन थांबतात.

या मालिकांचे प्रकार कोणते? सगळ्या सारख्याच नसतात का?

सारख्या नसतात, आणि कुठली मालिका कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखलं तर तिच्यातून काय घ्यायचं ते कळतं. पहिली जात निव्वळ नोंदीची: कॅमेरा जोडप्याच्या मागे फिरतो. अमेरिकेतल्या टीएलसी वाहिनीवर १९९६ मध्ये सुरू झालेली ‘अ वेडिंग स्टोरी’ आणि नेटफ्लिक्सवरची ‘द बिग डे’ (२०२१) या जातीतल्या. दुसरी जात एकाच वस्तूला धरून चालते. २००७ मध्ये सुरू झालेली ‘से येस टू द ड्रेस’ न्यूयॉर्कमधल्या क्लाइनफेल्ड या वधूवेशांच्या दुकानात घडते आणि सगळा ताण पोशाखाच्या निवडीवर असतो. तिसरी अटींच्या खेळाची. ब्रिटनमध्ये बीबीसी थ्रीवर २००७ मध्ये आलेल्या ‘डोन्ट टेल द ब्राइड’च्या सुरुवातीच्या पर्वांत नवऱ्याच्या हाती १२,००० पौंड दिले जायचे, तीन आठवडे नवरीशी संपर्क बंद, आणि नवरीच्या पोशाखासकट सगळं त्यानं एकट्यानं ठरवायचं. चौथी कथेची: ‘मेड इन हेवन’ (२०१९, प्राइम व्हिडिओ) ही दिल्लीत लग्ननियोजनाचा व्यवसाय करणाऱ्या दोन भागीदारांची गोष्ट आहे.

अटींच्या खेळात वेळेची टंचाई मुद्दाम निर्माण केलेली असते. तिथलं वेळापत्रक आपल्या लग्नाला लावू नका. नोंदीच्या मालिकेतून जागा, माणसं आणि कामाचा क्रम शिकता येतो. कथामालिकेत लक्ष द्यावं ते घरच्यांच्या आपसातल्या बोलण्याकडे, कारण नियोजकाचं अर्धं काम तिथंच असतं.

एका भागासाठी किती चित्रीकरण होतं?

जाहिरातींसह एक तासाची जागा असेल तर मूळ भाग साधारण ४२ ते ४४ मिनिटांचा असतो. लग्नाच्या दिवशी तीन कॅमेरे दहा तास चालले तर एकट्या त्या दिवसाचं ३० तासांचं, म्हणजे १,८०० मिनिटांचं फुटेज होतं. भागात लग्नसोहळ्याला १२ मिनिटं मिळाली, तर दाखवलेल्या एका मिनिटामागे १४९ मिनिटं बाजूला पडली. त्यात आधीच्या भेटी, जागेची पाहणी, पोशाखाची मापं आणि मुलाखती मिळवा. कंटाळवाणं ते सगळं कापलं जातं. पण फोन, याद्या, मोजमाप, वाट पाहणं हेच तर नियोजन आहे.

‘तीन दिवसांत सगळं उभं केलं’ यात कितपत तथ्य असतं?

उभारणी तीन दिवसांत होऊ शकते, तयारी नाही. पडद्यावर हॉलचा कायापालट दिसतो तेव्हा कापड आधीच शिवलेलं असतं, सांगाडे कारखान्यात कापून क्रमांक घालून आणलेले असतात, फुलांची मागणी काही आठवडे आधी गेलेली असते. हॉलमध्ये घडते ती फक्त जुळवणी.

निवांत नियोजनाला दहा ते बारा महिने लागतात. पहिले दोन महिने पाहुण्यांचा अंदाज आणि जागा यांत जातात. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं चुकतं, कारण आकडा न ठरवता घेतलेली जागा एक तर ओस दिसते नाही तर कोंदटते. आमंत्रणं सहा ते आठ आठवडे आधी, येणार की नाही याचं उत्तर तीन आठवडे आधी, केटररला पक्का आकडा सात ते दहा दिवस आधी. बसण्याचा आराखडा उत्तरं हाती आल्यावरच करावा. आधी केलेला आराखडा पुन्हा करावाच लागतो.

पडद्यावरचं बजेट ऐकून आमचा हिशेब जुळत नाही. कुठे चुकतं?

तुमचं चुकत नाही. मालिकेतल्या आकड्यात बऱ्याच गोष्टी धरलेल्या नसतात. नियोजकाचा मोबदला बहुधा वेगळा असतो. सजावटवाले, फुलवाले, पोशाखकार यांना नाव झळकल्याचा फायदा मिळतो, म्हणून ते सवलतीत किंवा फुकट काम करतात. कर, सामानाची ने-आण, रात्री उशिरा हॉल रिकामा करण्याची मजुरी, वेळ वाढल्यास हॉलचं जादा भाडं, काम करणाऱ्यांचं जेवण हे खर्च कधी उच्चारलेही जात नाहीत. फोटोग्राफर, वादक, सजावटीचे लोक आणि चालक मिळून सहज २५ ते ३० माणसं होतात. तेवढी पानं केटररच्या आकड्यात धरली नसतील, तर पाहुण्यांना कमी पडतं.

एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढा आणि ती नाहीच असं समजून उरलेल्यात आखणी करा. जागा आणि जेवण मिळून साधारण निम्म्या खर्चाच्या आसपास जातात. म्हणून खर्च आटोक्यात आणायचा असेल तर पाहुण्यांची यादी छोटी करण्याइतका परिणाम दुसऱ्या कशानंच होत नाही. मेणबत्त्यांचा रंग बदलून काही वाचत नाही.

मालिका जे दाखवत नाही असं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं?

दिवसाचं वेळापत्रक मागून पुढे बांधणं. नवखे लोक सकाळपासून सुरुवात करतात: आठला उठू, नऊला मेकअप, बघू किती वाजतात. अनुभवी नियोजक विधीच्या वेळेपासून उलटा निघतो.

समजा विधी संध्याकाळी ५ वाजता आहे. पाहुणे ४:३० पासून येऊन बसू लागतील, तेव्हा नवरा-नवरी त्याआधी त्यांच्या नजरेआड गेलेले हवेत. म्हणजे बाहेरचे सगळे फोटो ३:४५ पर्यंत संपले पाहिजेत. घरच्यांचे बारा गट असतील आणि प्रत्येकाला चार मिनिटं धरली तर ४८ मिनिटं होतात, एक तास ठेवा. गटफोटो २:४५ ला सुरू. त्याआधी जोडप्याचे ४५ मिनिटं, म्हणजे २:००. पोशाख चढवायला ४५ मिनिटं, म्हणजे १:१५. इथपर्यंत केस आणि मेकअप उरकलेला पाहिजे.

आता मेकअपचा हिशेब. नवरीला ९० मिनिटं आणि बरोबरच्या पाच जणींना प्रत्येकी ४५. मेकअप करणारी एकटीच असेल तर ३१५ मिनिटं, खाण्यापिण्याला अर्धा तास धरून पावणेसहा तास. सुरुवात सकाळी ७:३० ला. दोघी असतील तर एकीकडे नवरी आणि एक जण, दुसरीकडे चौघी. मोठी बाजू तीन तासांची, अर्धा तास जोडला की सुरुवात ९:४५ ला. हा सव्वादोन तासांचा फरक नवरीच्या झोपेत मोजा. दुसऱ्या माणसाचा खर्च तिथे वसूल होतो.

गाडं अडतं ते असं. एकटीच मेकअप करत असेल आणि प्रत्येकीला ठरल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली, तर सहा जणींत एक तास गेला. नवरी शेवटी बसणार असेल तर तो तास तिच्या वाट्याचा जातो, पोशाख घाईत चढतो आणि फोटोंची वेळ खलास होते. उपाय साधा आहे: नवरीला शेवटून दुसरी बसवा. शेवटची व्यक्ती उशिरा तयार झाली तरी फोटो सुरू होऊ शकतात.

प्रवासाच्या वेळेत २० टक्के जादा धरा, आणि गाडीत बसण्या-उतरण्याला वेगळी दहा मिनिटं. घेरदार पोशाखात गाडीत बसायला वेळ लागतो, हे कुठलाही नकाशा सांगत नाही. तयार वेळापत्रकात चार रकाने हवेत: वेळ, काम, कोण करणार, फोन नंबर. केटररपासून वादकांपर्यंत सगळ्यांना एकच प्रत द्या. बदल झाला की वर आवृत्तीचा क्रमांक टाका, नाहीतर दिवसभर तीन वेगवेगळे कागद फिरत राहतात आणि प्रत्येकजण आपलाच कागद खरा मानतो.

हॉल पडद्यावर प्रशस्त दिसतो. आमच्या हॉलमध्ये तेवढंच बसेल का?

रुंद भिंगानं छोटी खोलीही मोठी दिसते, म्हणून चित्रावर जाऊ नका, टेप घेऊन मोजा. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ जण बसतात, सहा फुटी टेबलाभोवती दहा. खुर्च्या मागे सरकण्याची आणि वाढप्यांच्या वाटांची जागा धरून बसून जेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे १२ ते १५ चौरस फूट लागतात. २०० पाहुण्यांना २,४०० ते ३,००० चौरस फूट झाले, आणि यात व्यासपीठ, वादक, जेवणाची टेबलं, नाचण्याची जागा काहीच आलेलं नाही. नाचायला माणशी साडेचार चौरस फूट धरतात. एका वेळी निम्मे पाहुणे नाचतील असं मानलं तर साधारण २१ फूट बाय २१ फूट जागा मोकळी हवी.

हॉलवाले जी क्षमता सांगतात ती बहुतेकदा उभ्या माणसांची असते, माणशी ८ ते १० चौरस फूट धरून. ३,००० चौरस फुटांचा हॉल ‘३०० जणांचा’ म्हणून विकला जातो, पण टेबलं मांडली की २०० जणांना तो जेमतेम पुरतो. विचारताना ‘टेबल मांडून, नाचण्याची जागा सोडून किती?’ असंच विचारा.

स्वतः वाढून घेण्याच्या जेवणात रांगेचं गणितही करून ठेवा. एका बाजूनं वाढून घेताना दर १२ सेकंदांनी एक माणूस पुढे सरकला तर २०० जणांना ४० मिनिटं लागतात. तेच टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी मोकळं केलं की २०. नवा खर्च शून्य.

मालिकेत ऐनवेळी पाऊस येतो आणि धावपळ होते. प्रत्यक्षात काय करतात?

निर्णयाची वेळ आधी ठरवतात. उघड्यावरच्या समारंभासाठी ‘दुपारी १२ वाजता आत की बाहेर हे ठरेल, आणि ते अमुक एक व्यक्ती ठरवेल’ असं लेखी असतं. ती वेळ कशी काढायची? खुर्च्या, सजावट, ध्वनिव्यवस्था आत हलवायला लागणारे तास मोजा, त्यावर एक तास जादा धरा, आणि विधीच्या वेळेतून वजा करा. बहुतेक ठिकाणी उत्तर विधीच्या चार ते सहा तास आधीचं येतं. निर्णय घेणारी व्यक्ती नवरा-नवरी नसावी. त्यांना बाहेरच लग्न हवं असतं, म्हणून ते ढगांकडे बघत थांबतात आणि वेळ टळून जाते. पडद्यावरची धावपळ बहुधा या थांबण्यातूनच जन्मते.

तंबूच्या बाबतीत पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. तंबू लावणाऱ्याकडून तो किती वेगाच्या वाऱ्यापर्यंत सुरक्षित आहे हे लेखी घ्या. बाजूचे पडदे लावले की तंबू शिडासारखा वारा पकडतो, म्हणून तो आकडा पडदे लावून आणि पडदे न लावता असा दोन्हींचा मागा.

फुलं कोमेजतात आणि केक कलतो, हे नाटक असतं का?

बहुतेकदा खरंच घडतं, आणि त्याची कारणं ठरलेली असतात. गुलाबासारखी फुलं २ ते ४ अंश सेल्सियसला ठेवतात. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण हवेतली, त्यांना १० अंशांखाली ठेवलं तर पाकळ्यांवर काळे डाग पडतात. दोन्ही एकाच शीतगृहात ठेवली की एकाचं नुकसान ठरलेलंच. कापून आणलेली फुलं सजावटीत खोचण्याआधी देठ तिरके कापून किमान दोन-तीन तास पाण्यात उभी ठेवावी लागतात, रात्रभर ठेवली तर उत्तम. देठ खोचायच्या हिरव्या फोमची वीट पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायची असते. घाईनं दाबून बुडवली तर आत हवा अडकते, त्या कोरड्या पोकळीत गेलेला देठ पाण्याविना राहतो, आणि त्याच कमानीतली चार फुलं तासाभरात माना टाकतात. हायड्रेंजियाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते. ते उन्हातल्या कमानीवर लावू नये.

अनेक थरांच्या केकमध्ये प्रत्येक थर आपापल्या पुठ्ठ्यावर असतो आणि त्याचं वजन खालच्या थरात उभ्या रोवलेल्या काड्या पेलतात. या काड्यांची उंची एकसारखी नसली की वरचा थर कलतो. लोण्याचं आवरण २५ ते २७ अंशांपुढे मऊ पडतं. केक गाडीच्या सपाट तळावर न्यावा, आसनावर नाही, कारण आसन मागे उतरतं असतं.

ऐन समारंभात दिवे का जातात?

एकाच सर्किटवर सगळा भार टाकल्यामुळे. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरचं सर्किट ३,६८० वॉट पेलतं. भिंतीवर रंग टाकणारे ५० वॉटचे ३० दिवे १,५०० वॉट घेतात, तोवर ठीक. मग केटरर ३,००० वॉटचा पाणी तापवायचा बॉयलर त्याच भिंतीतल्या प्लगला जोडतो. बेरीज ४,५०० होते आणि सर्किट पडतं. जागेची पाहणी करतानाच कोणते प्लग कोणत्या सर्किटवर आहेत हे हॉलच्या इलेक्ट्रिशियनकडून नकाशावर लिहून घ्या. ध्वनिव्यवस्थेला स्वतंत्र सर्किट द्या. दिव्यांचे डिमर आणि ध्वनिव्यवस्था एकत्र आले की स्पीकरमधून घुंई असा आवाज येत राहतो.

पडद्यावर वचनं स्पष्ट ऐकू येतात, आमच्या व्हिडिओत नुसता वारा. असं का?

मालिकेत आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेत नाहीत. नवऱ्याच्या कोटावर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, छोटा बिनतारी माइक असतो आणि त्याचा डबा आतल्या खिशात. विधी चालवणाऱ्या व्यक्तीवर दुसरा. नवरीला बहुधा माइक लावत नाहीत: ती समोर उभी असल्यामुळे नवऱ्याचा माइक तिचाही आवाज घेतो, आणि टिकल्या किंवा कडक रेशीम माइकवर सतत खसखसतं.

बॅटरी पाच ते आठ तास चालते, म्हणून विधीच्या अर्धा तास आधी ती शिल्लक असली तरी बदलावी. वादकांचेही बिनतारी माइक असतात आणि वारंवारिता एकच आली की दोघांचेही आवाज तुटतात. दोन्ही साउंडवाल्यांनी सकाळीच आपापल्या वारंवारिता एका कागदावर लिहून जुळवाव्यात. दोन मिनिटांच्या या कामावाचून आख्खा विधी मुका झाल्याची उदाहरणं या व्यवसायात ठाऊक आहेत. शिवाय एक स्वतंत्र रेकॉर्डर फुलांच्या कुंडीत लपवून सुरू ठेवावा.

आमच्या नाचाचं गाणं प्रसारणात बदललं गेलं. असं करता येतं का?

येतं, आणि बऱ्याचदा करावंच लागतं. हॉलमध्ये गाणं वाजवण्याचा परवाना वेगळा आणि ते गाणं चित्रासोबत प्रसारित करण्याचा हक्क वेगळा. प्रसारणासाठी गाण्याच्या रचनेचा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा असे दोन हक्क लागतात. दोन्ही मिळाले नाहीत की संकलक मूळ आवाज काढून दुसरं संगीत टाकतो. गाणं मागे वाजत असताना कोणी महत्त्वाचं बोललं तर ते बोलणंही जातं, कारण दोन आवाज वेगळे करणं अवघड. म्हणून जाणते निर्माते भाषणांच्या वेळी संगीत बंद ठेवायला सांगतात. हे जोडप्याच्याही हिताचं आहे, ऐकावं.

कपड्यांचे आणि फुलांचे रंग पडद्यावर वेगळे का दिसतात?

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळसर बल्बचा प्रकाश साधारण ३,२०० केल्विन, दिवसाचा ५,६०० केल्विन. खिडकीतून ऊन आणि छतावर पिवळे दिवे असले की पोशाखाची एक बाजू निळसर, दुसरी केशरी दिसते. जांभळ्या किंवा निळ्या एलईडीनं चेहरे आजारी वाटतात. रंग भिंतींवर टाका, माणसांवर नाही. स्वस्त डिमरवरचे एलईडी कॅमेऱ्यात पट्टे पाडतात. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात शटर १/५० आणि ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० ठेवल्यानं बराच फरक पडतो, पण काही दिवे तरीही लुकलुकतात. आदल्या दिवशी दिवे लावून मिनिटभर चाचणी चित्रीकरण करणं हाच भरवशाचा मार्ग.

भांडणं खरी असतात की लिहून दिलेली?

नोंदीच्या मालिकांत संवाद लिहून देण्याची गरजच नसते. प्रश्न विचारले की पुरतं. ‘सासूबाईंना हा रंग आवडला नाही, तुम्हाला काय वाटलं?’ असा प्रश्न दमलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता विचारला तर उत्तर तिखट येणारच. त्यात संकलनाची कात्री. बोलणारी व्यक्ती पडद्यावर दिसत असेल तर वाक्य बहुधा सलग असतं. चित्र फुलांवर किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेलं आणि आवाज मागून येऊ लागला, तर ते वाक्य दोन-तीन तुकडे जोडून बनवलेलं असू शकतं. मध्येच स्वराची पट्टी बदलते, श्वास तुटल्यासारखा वाटतो. मुलाखती नंतर कधीतरी, पण तेच कपडे घालून घेतलेल्या असतात. केसांची ठेवण पाहा, लगेच कळतं.

सहभागी होणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: उत्तर देताना आधी प्रश्न उच्चारावा आणि वाक्य पूर्ण करावं. ‘हो, चिडले होते’ हे कुठल्याही प्रसंगाला चिकटवता येतं. ‘टेबलं उशिरा आली म्हणून मी दुपारी चिडले होते’ हे सहजी हलवता येत नाही. आणि तिसऱ्या माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे काही बोलायचं नाही, कॅमेरा बंद आहे असं सांगितलं असलं तरी. अंगावरचा माइक सुरू असतो.

आम्हाला मालिकेत भाग घ्यायचा आहे. करारात काय पाहावं?

सहीपूर्वी करार स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. लग्नाची तारीख जवळ आली की घासाघीस करण्याची ताकद उरत नाही, म्हणून हे सर्वांत आधी.

निर्मिती संस्था नेमका कोणता खर्च करणार, ते वस्तूनिहाय लिहिलेलं हवं. ‘सजावटीस साहाय्य’ हा शब्दप्रयोग पुरेसा नाही. वाहिनीनं मालिका मध्येच रद्द केली किंवा तुमचा भाग गाळला, तरी कबूल केलेलं मिळणार का? फुकट किंवा सवलतीत काम करणारा सजावटवाला ऐनवेळी आला नाही, तर पर्यायाचा खर्च कोणाचा? हा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि नेमका तिथेच वाद होतो. फुकट मिळालेल्या वस्तूंवर कर लागू शकतो, तो आपल्या कर सल्लागाराला विचारा.

अंतिम संकलनावर हक्क निर्मात्यांचाच राहतो, तो मागून मिळत नाही. मात्र काही विषय चित्रीकरणाबाहेर ठेवण्याची अट मागता येते: आजारपण, आधीचं नातं, पैशांची अडचण, मुलं. ती सुरुवातीलाच मागावी. कच्चं फुटेज सहसा देत नाहीत. निदान विधीचा सलग, न कापलेला भाग तरी मिळावा असं लिहून घ्या, त्याला बरेच निर्माते तयार होतात. गुप्ततेचा भंग झाल्यास किती भरपाई, पुनःप्रसारण आणि जाहिरातीत तुमचं चित्र किती काळ वापरणार, दुसऱ्या वाहिनीशी बोलण्याची बंदी किती महिने, हे आकडे रिकामे सोडून सही करू नका. कॅमेऱ्याच्या तारेला अडखळून कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, आणि अशा भरपाईसाठी निर्मिती संस्थेचा दायित्वविमा आहे का, हेही पाहा. त्या विम्याची प्रत हॉलवालेही मागतील.

पाहुण्यांची परवानगी घ्यावी लागते का?

ओळखू येईल असा चेहरा दिसणार असेल आणि विशेषतः बोलणं वापरायचं असेल तर लेखी संमती घेतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. दारावर सूचना फलक लावतात, पण तेवढ्यावर भागवणं योग्य नाही. आमंत्रणासोबतच कळवा, म्हणजे नको असणाऱ्याला आधी सांगता येतं. अशा पाहुण्यांना वेगळ्या रंगाची मनगटपट्टी देतात आणि कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरची दोन-तीन टेबलं राखून ठेवतात. नंतर चेहरा धूसर करता येतो, मात्र त्यांचा कोपरा कॅमेरामनला आधी दाखवून ठेवणं सोपं.

चित्रीकरणामुळे विधीत अडथळा येतो का?

नियम आधी ठरवले नाहीत तर येतो. विधी चालवणाऱ्या व्यक्तीला, निर्मात्याला आणि तुमच्या फोटोग्राफरला आदल्या दिवशी एकत्र उभं करा आणि प्रत्येकाची जागा जमिनीवर चिकटपट्टीनं आखा. विधी सुरू झाल्यावर कोणी जागा सोडायची नाही. विधी पुन्हा करायचा नाही, हेही स्पष्ट सांगा. दारातून आत येणं, गाडीतून उतरणं, अंगठ्यांचं जवळून चित्र यांसाठी ‘पुन्हा एकदा’ चालेल, आणि त्यासाठी वेळापत्रकात वेगळी ३० मिनिटं ठेवा. मालिकेचे कॅमेरे असले तरी स्वतःचा फोटोग्राफर हवाच, कारण मालिकेचं चित्रीकरण भागासाठी होतं, तुमच्या आजीच्या फोटोसाठी नाही.

मालिकेत आवडलेल्या नियोजकासारखा नियोजक कसा ओळखावा?

त्याच्या कामाचे फोटो पाहण्याआधी त्याच्याकडं एखाद्या झालेल्या लग्नाचं वेळापत्रक मागा, नावं झाकून. चार रकान्यांचा, फोन नंबरांसकट कागद समोर आला तर पुढे बोला. लग्नाच्या दिवशी तो स्वतः येणार की सहायक, त्या दिवशी दुसरं लग्न घेतलं आहे का, पुरवठादारांकडून दलाली घेतो का, हे सरळ विचारा. दलाली घेणं हा गुन्हा नाही, पण लपवणं चालणार नाही. पाऊस आला तर निर्णय कधी घेता, या प्रश्नाला ‘तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

भाग प्रसारित होण्याआधी आमचे फोटो टाकता येतात का?

बहुतेक करारांत बंदी असते, आणि ती पाहुण्यांच्या फोटोंपर्यंत पोहोचते. पोशाख, जागा आणि नियोजकाचं नाव या तीन गोष्टींबाबत निर्माते सर्वांत आग्रही असतात. प्रसारणाला काही महिने लागू शकतात, म्हणून घरच्यांना दाखवायला छापील फोटो काढून ठेवा. बंदी कोणत्या तारखेला उठते ते लेखी घ्या, आणि भाग प्रसारितच झाला नाही तर ती आपोआप कधी संपते, तेही.